कॅनियनच्या फोटोंचं स्क्रॅपबुक पान दर वेळी गढूळ का होतं, आणि ते कसं निवळायचं

लक्षण ओळखीचं आहे. एकेक फोटो सुटा पाहिला तर झकास दिसतो: तांबडे कडे, निळं आभाळ, तळाशी नदीची हिरवट रेघ. तेच चार-पाच फोटो संगणकावर १२ × १२ इंचांच्या पानावर आणले, कडा ब्रशने विरवल्या, ब्लेंड मोड (वरचा फोटो खालच्यात कसा मिसळायचा त्याचे पर्याय) लावले, वर पोताचे दोन कागद टाकले, की सगळं मिळून तपकिरी चिखल. मग कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, सॅच्युरेशन वाढवलं जातं. पान भडक होतं, पण गढूळपणा जात नाही. पुढच्या पानाला पुन्हा तीच गत.

समुद्राच्या किंवा फुलांच्या फोटोंना हा त्रास इतका होत नाही. कॅनियनच्याच फोटोंना होतो, आणि दोष ब्रशचा किंवा टेम्प्लेटचा क्वचितच असतो. चुकतो तो उजेड-काळोखाचा हिशोब. म्हणून पुढची तपासणी होईपर्यंत रंगाच्या एकाही स्लायडरला हात लावू नका.

शब्दांचा एक खुलासा आधीच करून ठेवतो. मराठीत खडकाचाही थर असतो आणि फाइलमधलाही थरच. घोटाळा नको म्हणून इथे खडकाचा तो थर आणि फाइलमधला तो लेयर. मेनूंची नावं फोटोशॉपमधली आहेत. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये वेगळं काही करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. पान ३६०० × ३६०० पिक्सेल, म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १२ इंच, असं धरलं आहे. पिक्सेलचे सगळे आकडे त्याच मापाचे.

आधी पान करडं करून बघा

सगळ्या लेयरच्या वर एक नवा लेयर घ्या, त्यात ५० टक्के करडा रंग भरा आणि ब्लेंड मोड ‘कलर’ करा. गिंपमध्ये यासाठी ‘एलसीएच कलर’ मोड घ्या. पूर्ण पान करड्या छटांत दिसू लागेल. हा लेयर पुसू नका. लेयरच्या यादीतला त्याचा डोळा बंद-चालू करत काम शेवटपर्यंत करायचं आहे. ‘डिसॅच्युरेट’ आज्ञा यासाठी वापरू नका. ती डोळ्याच्या हिशोबाने उजळपणा मोजत नाही. तिच्या लेखी शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही सारखेच करडे.

आता झूम १० टक्क्यांवर आणा. पान पडद्यावर तळहाताएवढं होईल. या आकारात कुठे उजेड, कुठे मध्यम, कुठे गडद हे तीन भाग एका नजरेत वेगळे दिसले पाहिजेत. गढूळ पानात ते दिसत नाहीत, सगळीकडे एकच करडी राख दिसते.

असं का होतं ते आकड्यांत बघा. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. उन्हातल्या वालुकाश्माचा एक नेहमीचा रंग घेऊ: लाल १८५, हिरवा ११०, निळा ७०. करड्यात त्याची किंमत येते १२८, बरोबर मधोमध. काठावरच्या खुरट्या झुडपांचा हिरवा, समजा १२०, १३५, ९०. त्याची किंमत १२५. आभाळाचा निळा, १००, १५०, २००, त्याची १४१. डोळ्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन ठसठशीत रंग दिसतात, पण उजळपणात तिघे एकाच पायरीवर उभे आहेत. सुट्या फोटोत रंगांचा फरक ती उणीव भरून काढतो. पानावर फोटो एकमेकांत विरघळवले की रंग मिसळतात, फरक संपतो, आणि खाली आधाराला उजेड-काळोखही नसतो.

त्यात भर घालतो ‘मल्टिप्लाय’. या मोडचं गणित साधं आहे: दोन आकड्यांचा गुणाकार, भागिले २५५. मध्यम करड्यावर मध्यम करडा, म्हणजे १२८ गुणिले १२८, भागिले २५५, उत्तर ६४. तिसरा तसाच फोटो वर आला की ३२. वालुकाश्माचा तोच रंग स्वतःवर मल्टिप्लाय केला की १३४, ४७, १९ होतो, म्हणजे जळका विटकरी. पुन्हा एकदा केला की ९७, २०, ५, म्हणजे जवळजवळ काळा. आणि त्याच वालुकाश्मावर सावलीतल्या कड्याचा जांभळट करडा, ९५, ९०, ११०, पडला तर मिळतात ६९, ३९, ३०. हाच तो चिखल. पोताचा कागद, फोटो, दुसरा फोटो आणि रंगाचा शिंतोडा असे चार लेयर मल्टिप्लायवर असतील, तर त्याखालून उजेड वर येण्याची सोयच उरत नाही.

निवळायचं कसं

पहिलं काम निवडीचं. पानावर एकच फोटो मुख्य. त्यालाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पूर्ण पल्ला मिळेल, साधारण १० ते २४५. तो ‘नॉर्मल’ मोडमध्येच राहील आणि त्याखाली पोत जाईल, वर नाही. दोन फोटोंवर जीव जडला असेल तर दोन पानं करा. एका पानावर दोन मुख्य फोटो ठेवण्याची हौस या विषयात हमखास महागात पडते.

कागद उजळ हवा: करड्यात २३५ ते २४५. तपकिरी क्राफ्ट कागदाचा मोह कॅनियनच्या पानाला फार होतो, कारण तो ‘मातीचा’ वाटतो. नेमका म्हणूनच टाळा. त्याचा उजळपणा वालुकाश्माच्या अगदी शेजारचा.

बाकीचे फोटो, म्हणजे मागे विरणारे आधाराचे, उजेडाच्या पट्ट्यात कोंबायचे. ते असं:

१. आधाराच्या फोटोवर ‘लेव्हल्स’चा, म्हणजे उजळपणाचा पल्ला बदलणारा, ॲडजस्टमेंट लेयर घ्या आणि तो फक्त त्याच फोटोला चिकटवा. त्यासाठी आल्ट दाबून दोन लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक करा. गिंपमध्ये फोटोच्या लेयरची प्रत काढून त्या प्रतीवर लेव्हल्स लावा, मूळ लेयर लपवून ठेवा.

२. इनपुटला हात न लावता खालच्या आउटपुट पट्टीत डावा आकडा ० वरून १५० आणि उजवा २५५ वरून २३५ करा.

३. फोटो फिका, दुधट दिसेल. तसाच हवा. मधला १२८ आता १९३ वर गेला आहे. २४० च्या कागदावर तो मल्टिप्लाय केला तरी १८२ उरतात. चिखल व्हायला जागाच नाही.

४. करडा लेयर चालू करून बघा. मुख्य फोटोतल्या सावल्या आता पानावरच्या सगळ्यात गडद जागा असल्या पाहिजेत. नसतील तर जो लेयर आड येतोय त्याचा डावा आकडा आणखी १० ते २० ने चढवा.

हेच काम ओपॅसिटी, म्हणजे लेयरचा अपारदर्शकपणा, कमी करून का करू नये, असा प्रश्न येतो. आकडा जवळपास तोच मिळतो: १२८ चा फोटो २४० च्या कागदावर ४० टक्के ठेवला की १९५. पण ओपॅसिटी उतरवली की खालचं सगळं आरपार दिसतं. एका कड्यातून दुसऱ्या कड्याच्या भेगा डोकावतात आणि धड एकही ओळखू येत नाही. लेव्हल्सने फोटो फिका होतो, पारदर्शक होत नाही.

मल्टिप्लायसाठी एकच नियम पाळा: पानाच्या कुठल्याही एका ठिकाणी खालपासून वरपर्यंत मल्टिप्लायचा एकच फोटो. तपासायला मल्टिप्लायवरचे फोटो एकेक करून बंद करा. तीच जागा दोनदा उजळली, तर तिथे दोन आहेत. एकाला नॉर्मल करून मास्कने विरवा. मास्क म्हणजे लेयर कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा: पांढरा असेल तिथे दिसतो, काळा असेल तिथे लपतो.

आता पोताचे कागद. भेगा, शिंतोडे, जुन्या कागदाच्या सुरकुत्या ‘सॉफ्ट लाइट’ किंवा ‘ओव्हरले’वर ठेवले की फक्त पोत उतरतो, रंग उतरत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा. या दोन्ही मोडमध्ये मधला करडा, १२८, काही करत नाही. त्याहून गडद असेल ते पान काळवंडतं. बाजारात मिळणाऱ्या ‘रस्टिक’ पोतांची सरासरी बऱ्याचदा त्याहून खाली असते, आणि ते तपकिरीही असतात. म्हणजे सॉफ्ट लाइटवर ठेवूनही ते पानभर हलका तपकिरी धूर सोडतात. सरासरी बघायची तर पोताच्या लेयरची प्रत काढा, फिल्टर, ब्लर, ‘ॲव्हरेज’ चालवा आणि इन्फो पॅनेलमध्ये आकडा वाचा. मग प्रत पुसून मूळ पोत करडा करा आणि लेव्हल्सचा मधला स्लायडर हलवून सरासरी १२८ वर आणा. आणखी सोपा उपाय म्हणजे ‘हाय पास’ फिल्टर: पोत आधी करडा करा, मग २० ते ४० पिक्सेल त्रिज्येने हाय पास चालवा. तो फिल्टर सगळं आपोआप १२८ भोवती आणून ठेवतो आणि फक्त बारीक पोत मागे ठेवतो. त्यानंतर सॉफ्ट लाइट, ओपॅसिटी २० ते ४० टक्के. मुख्य फोटोवर पोत येऊ नये म्हणून त्या जागी मास्क काळा करा.

पायऱ्या खडकाकडूनच घ्या

उजेडाचा हा जिना मनाने बांधायची गरज नाही. ग्रँड कॅनियनच्या पानासाठी तो खडकानेच बांधून ठेवला आहे. काठावरचा कैबाब चुनखडक फिकट, सायीसारखा, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली कोकोनीनो वालुकाश्माचा पांढुरका पट्टा, जो लांबूनही ओळखू येतो. मग हर्मिट आणि सुपाईचे गंजासारखे तांबडे थर. त्याखाली रेडवॉलचा उभा कडा. हा चुनखडक आतून करडाच आहे. वरच्या तांबड्या थरांतून झिरपलेल्या लोहाने त्याचा पृष्ठभाग रंगला आहे. आणखी खाली ब्राइट एंजल शेल, हिरवट करडा. अगदी तळाशी आतल्या घळीत विष्णू शिस्ट, काळसर, १७० कोटी वर्षांहून जुना. वर उजेड, मध्ये तांबडा, खाली काळोख: हा क्रम पानावर जसाच्या तसा उतरतो.

फाटक्या कागदाचे पट्टे याच क्रमाने लावा. फक्त ते सारख्या रुंदीचे नकोत. खडकात उभा कडा आणि उतरता ढीग आलटून पालटून येतो, तसा एक पट्टा ४०० पिक्सेल, पुढचा १२०, मग २५०. पट्ट्यांचे रंग फोटोतून आयड्रॉपरने उचलताना त्याचा नमुना ‘५ बाय ५ सरासरी’ किंवा मोठा ठेवा. ‘पॉइंट सॅम्पल’ राहिला तर एखाद्या दाण्याचा भलताच जांभळा हाती लागतो आणि मग पट्टा फोटोशी फटकून का दिसतो ते कळत नाही. रंग उचलल्यावर त्यांचे करड्यातले आकडे २३५, १९०, १३०, ७०, ३५ असे लांब लांब करून घ्या. खडकाचा क्रम राखायचा आहे, त्याची नेमकी छटा नव्हे.

अँटिलोप कॅनियनसारख्या अरुंद घळीत असा आडवा जिना नसतो. तिथे उजेड वरच्या फटीतून येतो आणि भिंतींवर आपटत खाली उतरतो. वर पिवळट नारिंगी, मध्ये तांबडा, खोलात जांभळट. अशा पानावर आडव्या पट्ट्यांऐवजी भिंतीच्या लाटांबरोबर वळणारे कागद कापा, आणि उजळ कागद फोटोतल्या फटीच्या दिशेला ठेवा. उजेड त्याच फटीतून पानावर सांडतोय असं वाटलं पाहिजे.

पान निवळलं, पण रंग मेलेले आहेत

हा वेगळा बिघाड आहे आणि तो पानात नसून फोटोत असतो. तीन कारणं नेहमीची.

ऑटो व्हाइट बॅलन्स. अरुंद घळीत चौकटभर नारिंगीच असतो. कॅमेरा त्याला दिव्याचा पिवळेपणा समजतो आणि निळं ओतून भिंती बिस्किटी करतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली) असेल तर तापमान ५२०० ते ५५०० केल्व्हिनला आणा, रंग परत येतो. जेपीजी असेल तर तापमानाचा स्लायडर थोडाच उजवीकडे न्या, आणि सावलीतला जांभळा शिल्लक आहे ना ते पाहत राहा. तो गेला की भिंत एकरंगी होते आणि घळीची खोली संपते.

लाल चॅनेल भरून वाहणं. संध्याकाळच्या उन्हातला कडा फोटोत मेणाचा लोंढा वाटत असेल, भेगा आणि रेघा गायब असतील, तर हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजळपणाच्या आलेखात, लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल वेगळे बघा. एकत्रित हिस्टोग्राम अगदी शहाण्यासारखा दिसतो आणि लाल मात्र २५५ ला जाऊन थडकलेला असतो. अशा फोटोवर सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे उरलासुरला पोतही घालवणं. रॉमध्ये एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप उतरवा आणि नारिंगीचं सॅच्युरेशन १० ते १५ ने कमी करा; भेगा परत दिसू लागतात. जेपीजीत लाल चॅनेलमध्ये माहितीच उरली नसेल तर हिरव्या चॅनेलमध्ये पोत बहुधा जिवंत असतो. त्या चॅनेलची करडी प्रत फोटोवर ‘ल्युमिनॉसिटी’ मोडमध्ये ३० ते ५० टक्के ठेवा.

धुकट अंतर. ग्रँड कॅनियन काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत रुंद आहे. समोरच्या काठापर्यंत इतकी हवा आडवी आली की तो निळसर आणि फिका दिसणारच. मुख्य फोटोत ‘डीहेझ’ १५ ते २५ पर्यंत ठीक. त्यापुढे आभाळ मळकट होतं आणि काठावर पांढरी रेघ उमटते. मात्र आधाराच्या फोटोंना डीहेझ लावूच नका. एरवी ‘धुरकट आला’ म्हणून बाजूला टाकलेला फोटो मागे विरवायला सगळ्यात चांगला, कारण लेव्हल्सचं अर्धं काम हवेने आधीच केलेलं असतं.

कडा दिसतात, आभाळाचा चौकोन उमटतो

जलरंगी ब्रशने मास्क छान रंगवला, तरी फोटोची सरळ धार अंधूक दिसत राहते. पडद्यावर लक्षात येत नाही, छापल्यावर डोळ्यात खुपते. कारण मास्क तिथे पूर्ण काळा नाही. कमी फ्लोच्या ब्रशने तो ९२-९५ टक्क्यांवर थांबला आहे. आल्ट धरून मास्कच्या चौकोनावर क्लिक केलं की मास्क उघडा दिसतो. त्यावर लेव्हल्स चालवून काळा स्लायडर २० ते २५ पर्यंत आणा. अर्धवट भाग पूर्ण काळा होतो आणि ब्रशचे फटकारे तसेच राहतात. नवीन पानाला सुरुवातच उलटी करा: मास्क आधी पूर्ण काळा भरा, मग पांढऱ्या ब्रशने फोटो आत आणा. ब्रशची टोकं फोटोच्या धारेपासून निदान १०० पिक्सेल आत थांबली पाहिजेत, म्हणून आधाराचा फोटो लागतो त्यापेक्षा मोठाच ठेवा.

ब्रशचा ठसा एकाच दिशेने पाच वेळा उमटवला की तेही ओळखू येतं. प्रत्येक ठशाला कोन बदला, आकार ३०० ते ९०० पिक्सेलमध्ये फिरता ठेवा.

आभाळाचा चौकोन हा मल्टिप्लायचाच आणखी एक त्रास. पांढुरकं आभाळ कागदात विरेल असं वाटतं, पण ते २५५ नसून २२० वगैरे असतं, म्हणून त्याची फिकट राखाडी पाटी कागदावर उठते. लेव्हल्समध्ये या वेळी इनपुटचा पांढरा स्लायडर हलवायचा: आभाळाचा आकडा इन्फोमध्ये वाचा, आणि स्लायडर त्याच्या दोन-तीन आकडे खाली आणा. आभाळ २५५ होतं, मल्टिप्लायमध्ये २५५ म्हणजे काहीच नाही, आणि फक्त कड्याची रेघ कागदावर उरते. आउटपुटचा उजवा आकडा या फोटोपुरता २५५ च ठेवावा लागेल, नाहीतर पाटी परत येईल. निळ्याशार आभाळाला ही युक्ती चालत नाही. ते मास्कनेच घालवा.

निळ्या आभाळात लेव्हल्सनंतर पट्टे पडले तर फाइल १६ बिटची करून बदल पुन्हा करा, किंवा त्या भागावर १ ते १.५ टक्के मोनोक्रोम नॉइज टाका.

सावल्या

काळी ड्रॉप शॅडो कॅनियनच्या पानावर काजळीसारखी दिसते. सावलीचा रंग फोटोतल्या सगळ्यात गडद तपकिरीतून उचला, मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी ३० ते ४५. अंतर वस्तूच्या जाडीप्रमाणे: कागदाला ८ ते १२ पिक्सेल, फोटोला १२ ते १८, वर आलेल्या बटण-दोऱ्याला २५ ते ३५. दिशा सगळ्यांची एक, आणि ती मुख्य फोटोतल्या उन्हाशी जुळलेली. कड्याच्या सावल्या डावीकडे पडत असताना पानावरच्या उजवीकडे पडल्या की कुणाला कारण सांगता येत नाही, पण पान खोटं वाटतं.

ती जुळवायला फोटोच आडवा उलटवणं ही पळवाट आहे. हॉर्सशू बेंडसारखं नदीच्या वळणाचं ठिकाण ज्याने एकदा पाहिलं, त्याला उलटं वळण लगेच खटकतं. शिवाय पाट्या आणि शर्टावरची अक्षरं उलटी होतात. सावलीचा कोन बदला, नदी राहू द्या.

मजकूर वाचता येत नाही, जोडाक्षरं तुटतात

खडकावर पांढरा मजकूर आणि त्याला बाहेरून चमक, हा प्रकार सोडून द्या. मजकूर उजळ पट्ट्यावर, रंग ३५ ते ६० च्या आसपासचा गडद तपकिरी. देवनागरीला आकार निदान ११ पॉइंट आणि ओळींतलं अंतर आकाराच्या दीडपट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. शिरोरेषा बारीक असलेले फॉन्ट पोतावर आधी तुटतात. मधल्या वजनाचा घ्या.

फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जात असेल आणि जोडाक्षराचा पाय मोडका दिसत असेल, तर फॉन्टला दोष देऊ नका. परिच्छेद पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. जुन्या आवृत्तीत तो पर्याय दिसत नसेल तर प्रेफरन्सेसमधल्या ‘टाइप’ विभागात दक्षिण आशियाई मजकुराचं इंजिन निवडून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.

पडद्यावर छान, छपाईत काळपट

आधी प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे त्याची नोंद. फोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ मध्ये असतात, काही कॅमेऱ्यांचे ॲडोबी आरजीबीत. पान एसआरजीबीचं असेल आणि फोटो आत घेताना रूपांतर झालं नसेल, तर नारिंगी फिका पडतो. मग तो भरून काढायला सॅच्युरेशन वाढवलं जातं, आणि वर सांगितलेला लाल चॅनेलचा बिघाड ओढवून घेतला जातो. फोटो सुटा उघडून ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबी करा, मग पानावर आणा. ‘असाइन प्रोफाइल’ नको. ते फक्त लेबल बदलतं.

नंतर पडद्याची झळाळी. ती कमाल ठेवून काम केलं की छापील पान काळोखं वाटणारच. ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ही छपाईच्या कामाची पातळी. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्याशेजारी पांढरा कागद खोलीच्या उजेडात धरा आणि कोरा पांढरा पडदा त्याच्याइतकाच उजळ होईपर्यंत उतरवा. छपाई चार शाईंत होणार असेल तर छापखान्याकडून प्रोफाइल घेऊन कंट्रोल + वायने प्रूफ बघा. भडक नारिंगी आणि गडद निळं आभाळ हेच दोघे आधी गळतात.

मापाचंही इथेच बघून घ्या. ६००० × ४००० चा फोटो कापून २००० पिक्सेल रुंद उरला असेल तर ३०० पीपीआयला तो ६.७ इंच जातो, पुढे ताणू नका. मेसेजिंग ॲपमधून आलेली प्रत १६०० पिक्सेलची असेल तर ५.३ इंच. मागे विरणाऱ्या फोटोला दीडपट ताण खपतो, मुख्य फोटोला नाही. फोटो लहान-मोठा करून बघत बसायचं असेल तर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे मूळ पिक्सेल जपले जातात; एरवी प्रत्येक बदलाला ते झिजतात. कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिलिमीटर, म्हणजे ३५ पिक्सेल जादा ठेवा आणि मजकूर धारेपासून १२० पिक्सेल आत. जेपीजीची प्रत १२ पैकी १० किंवा त्यावरच्या दर्जाने काढा.

लेयर उरले नाहीत, हातात फक्त सपाट जेपीजी आहे

पूर्ण पान लेव्हल्सने उजळायचा प्रयत्न व्यर्थ. चिखल फक्त फिका होतो. मुख्य फोटोची मूळ फाइल शोधा आणि ती सपाट पानावर जुन्या जागी पुन्हा ठेवा. जागा जुळवायला तिचा मोड तात्पुरता ‘डिफरन्स’ करा आणि आकार-कोन हलवत राहा. खडकाच्या दुहेरी रेघा विरून तो भाग काळपट, शांत दिसू लागला की जुळलं. मोड पुन्हा नॉर्मल करा, मास्क काळा भरून पांढऱ्या ब्रशने फोटो आत आणा. मग खालच्या सपाट पानावर लेव्हल्स घेऊन आउटपुटचा डावा आकडा ७० ते ९० करा, म्हणजे चिखल मागे सरतो आणि गडद जागा फक्त मुख्य फोटोत राहतात. मजकूरही सोबत फिका होईल. त्यावर उजळ कागदाचा एक फाटका पट्टा ठेवून तो नव्याने टाइप करा.